इंजिनाचा श्वास आणि बेंटलींचा हट्ट

मुलुंड चेकनाक्यापासून घाटकोपरपर्यंत एलबीएस मार्गावरच्या कोंडीत पुढच्या गाडीकडे पाहत बसण्याशिवाय गत्यंतर नसते. अलीकडे त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या पाठीवर ‘टर्बो’ हा शब्द दिसतो. इंजिन लहान, ताकद मोठी, असा त्याचा अर्थ. ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही, त्यांचा प्रश्न पुढचा असतो : गाडीला सुपरचार्जर बसवायचा तर कोणत्या प्रकारचा? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका इंग्रज इंजिनीअरसमोर आला होता. त्याचे उत्तर होते, कोणताच नको. त्या उत्तरापायी तो आपल्याच कंपनीत एकटा पडला. त्याचे नाव वॉल्टर ओवेन बेंटली. आज ज्या आलिशान गाड्यांवर हे आडनाव झळकते, ते मूळचे यांचे.

त्यांचा हट्ट समजून घ्यायचा तर आधी इंजिनाचा श्वास समजून घ्यावा लागतो. पेट्रोल एकटे जळत नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमध्ये हवा ओढली जाते, अगदी छाती फुगवून आपण श्वास घेतो तशी. म्हणजे इंजिनाची ताकद त्यात किती पेट्रोल ओतता येते यावर नव्हे, तर किती हवा आत घेता येते यावर ठरते. ती वाढवायचे मुख्य मार्ग तीन. सिलिंडर मोठे करा, म्हणजे फुप्फुसेच मोठी. इंजिन अधिक वेगाने फिरवा, म्हणजे श्वास भराभर. किंवा बाहेरून हवा दाबून आत कोंबा, जसा लोहार भात्याने भट्टीत वारा घालतो. हा भाता म्हणजेच सुपरचार्जर.

रेल्वेच्या कारखान्यातून टॅक्सीच्या गॅरेजात

बेंटलींचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते डाँकास्टर येथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. वाफेचे इंजिन कसे ओतले जाते, कसे जोडले जाते आणि हजारो मैल धावल्यावर कुठे झिजते, हे त्यांनी तिथे हाताने शिकून घेतले. रेल्वेच्या इंजिनाकडून दोन मिनिटांच्या पराक्रमाची अपेक्षा नसते. त्याने रोज, वेळेवर आणि न कुरकुरता गाडी ओढायची असते. ही शिकवण त्यांच्या अंगात भिनली.

१९१० मध्ये रेल्वे सोडल्यावर ते लंडनमधल्या एका टॅक्सी कंपनीत रुजू झाले. तिथल्या सुमारे अडीचशे टॅक्सींची देखभाल त्यांच्याकडे होती. दिवसभर थांबत-चालत फिरणाऱ्या टॅक्सीचे इंजिन काय सोसते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. पुढे १९१२ मध्ये भावाबरोबर त्यांनी डीएफपी या फ्रेंच गाड्यांची विक्री हाती घेतली. या गाड्या शर्यतीत पुढे याव्यात म्हणून काय करता येईल, याचा शोध त्यांना फ्रान्समधल्या कारखान्यातल्या एका टेबलावर लागला. तिथे कागदांवर ठेवलेले वजन ॲल्युमिनियमच्या पिस्टनच्या आकाराचे होते.

त्या काळी पिस्टन ओतीव लोखंडाचे असत. ॲल्युमिनियम वितळेल, अशी भीती होती. बेंटलींनी ॲल्युमिनियममध्ये सुमारे १२ टक्के तांबे मिसळून पिस्टन ओतून घेतले. हे पिस्टन हलके असल्याने इंजिन अधिक वेगाने फिरू लागले, आणि ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेत असल्याने पिस्टनचा माथा थंड राहिला. बाहेरून काहीही न जोडता इंजिनाची ताकद वाढली. बेंटलींच्या विचाराची दिशा इथेच ठरली.

पहिल्या महायुद्धात हे ज्ञान ब्रिटिश नौदलाच्या विमानांच्या कामी आले. क्लर्जे या फ्रेंच इंजिनाचे सिलिंडर तापून बिघडत. बेंटलींनी ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि आत लोखंडी अस्तर, अशी रचना केलेले नवे इंजिन तयार केले. ‘बीआर १’ या नावाने ते सॉपविथ कॅमल विमानांत बसले. आकाशात इंजिन बंद पडणे म्हणजे वैमानिकाचा जीव जाणे. भरवशाचे मोल बेंटलींना तिथे पुन्हा एकदा कळले. युद्धानंतर सरकारने त्यांना एमबीई हा किताब आणि संशोधनापोटी आठ हजार पौंड दिले. त्याच सुमारास घरात मात्र दुःख आले. पत्नी लिओनी १९१९ मध्ये स्पॅनिश फ्लूच्या साथीत दगावल्या. याच साथीने १९१८ मध्ये मुंबईतही हाहाकार माजवला होता.

पाच वर्षांची हमी

१९१९ मध्ये बेंटली मोटर्सची स्थापना झाली. पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडायला १९२१ साल उजाडले. तीन लिटरचे चार सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि दोन स्पार्क प्लग, अशी त्या काळाच्या पुढची रचना होती. गाडीच्या सांगाड्याला पाच वर्षांची हमी होती. शंभर वर्षांपूर्वी ही हमी देणाऱ्याला आपल्या लोखंडावर किती विश्वास असेल, याची कल्पना करता येते.

हमी खरी करून दाखवण्याची जागा होती फ्रान्समधले ल माँ. तिथली शर्यत सलग चोवीस तास चालते. जो तासभर सुसाट पळतो तो तिथे जिंकत नाही. जो रात्र काढून सकाळी शाबूत राहतो तो जिंकतो. १९२४ मध्ये तीन लिटरची बेंटली तिथे पहिली आली. १९२७ मध्ये पुन्हा. त्या वेळी गाडी चालवणाऱ्या दोघांपैकी डडली बेंजाफील्ड हे पेशाने जीवाणुतज्ज्ञ डॉक्टर होते. १९२८ मध्ये साडेचार लिटरची गाडी जिंकली. प्रतिस्पर्धी वाढले की बेंटलींचे उत्तर ठरलेले असे : इंजिन मोठे करा. तिनाचे साडेचार लिटर झाले, साडेचाराचे सहा सिलिंडरांचे साडेसहा. मोठे इंजिन कमी वेगाने फिरूनही पुरेशी ताकद देते, त्याचे भाग कमी ताणले जातात, म्हणून ते अधिक टिकते.

पण कंपनी तोवर त्यांची राहिली नव्हती. उत्तम गाड्या बनवूनही पैशाची तंगी कायम होती. १९२६ मध्ये किंबर्लीच्या हिऱ्यांवर श्रीमंत झालेल्या घराण्यातले वुल्फ बार्नाटो यांनी भांडवल ओतले आणि कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती गेली. बेंटली तिथे इंजिनीअर म्हणून उरले. बार्नाटो स्वतः अव्वल शर्यतपटू होते. त्यांच्याच कंपूत होते सर हेन्री ‘टिम’ बर्किन. हा हरहुन्नरी माणूस वेगासाठी वेडा होता.

ब्लोअरचा वाद

मर्सिडीजच्या मोठ्या गाड्या सुपरचार्जर लावून धावत होत्या. त्यांना हरवायचे तर साडेचार लिटरच्या बेंटलीलाही सुपरचार्जर हवा, असे बर्किन यांचे म्हणणे होते. बेंटलींचा ठाम विरोध होता. बर्किन यांनी बेंटलींना बाजूला ठेवून थेट बार्नाटोंची परवानगी मिळवली. ॲमहर्स्ट व्हिलियर्स यांनी सुपरचार्जर तयार केला आणि डोरोथी पॅजेट या श्रीमंत महिलेने शर्यतीच्या गाड्यांचा खर्च उचलला. ल माँच्या नियमांसाठी अशा ५० गाड्या विक्रीला काढणे भाग होते. त्या काढल्याही गेल्या. इंजिनाची मूळ रचना बदलायला बेंटलींनी नकार दिल्याने सुपरचार्जर रेडिएटरच्या पुढे, क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवावा लागला. गाडीच्या पुढ्यात लटकलेल्या या लोखंडी फुंकणीमुळे ती ‘ब्लोअर बेंटली’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

हा सुपरचार्जर रूट्स प्रकारचा होता. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या अमेरिकी भावांनी १८६० मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. भट्ट्यांना वारा घालायला ते वापरले जाई. दोन पाकळ्यांचे दोन गुंतलेले रोटर उलट दिशांनी फिरतात आणि प्रत्येक फेरीत हवेचा ठरावीक घास उचलून पुढे ढकलतात. इंजिन हळू फिरत असतानाही दाब मिळतो, हा याचा गुण. पण रोटरांच्या आत हवा दाबली जात नाही. पुढच्या नळीत तोंड उघडल्यावर ती एकदम दाबली जाते. त्यात ताकद वाया जाते आणि हवा तापते. सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो, तसेच हे. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे जी गर्दी करायची तीच थोडी उणावते. शिवाय आधीच गरम असलेले मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता भलत्याच ठिकाणी पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याने पिस्टनवर हातोड्याचे घाव बसतात.

त्यातच भाता फुकट फिरत नाही. तो इंजिनाच्याच दांड्यावर चालतो, म्हणजे वाढलेल्या ताकदीतला एक वाटा स्वतः खातो. बेंटलींचे गणित हे होते. ताकद वाढल्याचे आकडे त्यांनाही दिसत होते : साध्या साडेचार लिटर गाडीची ताकद ११० अश्वशक्ती, रस्त्यावरच्या ब्लोअरची १७५, तर शर्यतीच्या ब्लोअरची २४०. पण त्याच पिस्टनांनी, त्याच बेअरिंगांनी आणि त्याच थंड पाण्याने हा वाढीव भार चोवीस तास कसा पेलायचा? हा हिशेब कुठेतरी चुकवावा लागणारच, असे त्यांचे मत होते.

निकाल १९३० च्या जून महिन्यात ल माँला लागला. एका बाजूला रुडॉल्फ काराचिओला यांची सात लिटरची मर्सिडीज. तिचा सुपरचार्जर पाय पूर्ण दाबला तरच चालू होई, म्हणजे जर्मन अभियंत्यांनीही तो सतत चालवायचा धोका टाळला होता. दुसऱ्या बाजूला बर्किन यांची ब्लोअर. बर्किन यांनी टायरच्या चिंध्या होत असताना, चाके गवतात घालून मर्सिडीजला मागे टाकले. ती ओव्हरटेक आजही सांगितली जाते. पण रात्रीतच मर्सिडीज बंद पडली. शर्यतीत उतरलेल्या दोन्ही ब्लोअर शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या आल्या त्या सुपरचार्जर नसलेल्या साडेसहा लिटरच्या बेंटली. आदल्या वर्षीही हेच मोठे इंजिन जिंकले होते. ल माँमधला बेंटलींचा हा पाचवा विजय.

म्हणजे बेंटली पूर्ण बरोबर आणि बर्किन पूर्ण चूक, असे नाही. त्याच वर्षी पाउ येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीत बर्किन ब्लोअर घेऊन दुसरे आले. १९३२ मध्ये एकाच आसनाच्या ब्लोअरने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी सुमारे २२२ किलोमीटरचा फेरीविक्रम केला. थोडा वेळ आणि फार वेग, एवढेच हवे असेल तर भाता कामाला येतो. प्रश्न गाडीकडून नेमके काय हवे, हा होता.

नाव गेले, काम उरले

विजय मिळूनही पैसा हाती लागला नाही. जागतिक मंदीत १९३१ मध्ये कंपनी बुडाली. लिलावात रोल्स-रॉइसने दुसऱ्या एका संस्थेच्या आडून बोली लावली आणि सुमारे सव्वा लाख पौंडांना ती घेतली. बेंटलींना काही काळ तिथेच नोकरी करावी लागली. आता त्यांचे आडनावही त्यांच्या मालकीचे नव्हते. १९३५ मध्ये ते लगोंडा कंपनीत गेले आणि तिथे बारा सिलिंडरांचे इंजिन तयार केले. युद्धानंतर त्यांच्या देखरेखीखाली घडलेले २.६ लिटरचे इंजिन पुढे ॲस्टन मार्टिनच्या गाड्यांत बसले.

बर्किन यांचा शेवट त्याआधीच झाला होता. मे १९३३ मध्ये त्रिपोलीच्या शर्यतीत तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीला हात लागून भाजला. जखम चिघळली, रक्तात विष भिनले आणि २२ जून रोजी ते वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेले. पहिल्या महायुद्धात जडलेल्या मलेरियाचाही त्यात वाटा असावा, असे मानले जाते. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला होता, पण ते रुग्णांपर्यंत पोहोचायला आणखी दशक लागणार होते. आज ज्या भाजण्यावर मलमपट्टी आणि अँटिबायोटिकचा कोर्स पुरतो, तेवढ्याने हा माणूस गेला.

इंजिनातल्या नॉकिंगवरचा उपायही आरोग्याशी जोडलेला आहे. १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळू लागले. नॉकिंग थांबले, जास्त दाबाची इंजिने शक्य झाली; पण ते शिसे धुरातून हवेत आणि हवेतून मुलांच्या रक्तात गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले. इंजिनाने चुकवायचा हिशेब कधी कधी रस्त्याकडेला उभा असलेला माणूस चुकवतो.

मग आज निवड कशी करायची?

आज भात्याचे चार मुख्य प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वसुली वेगळी आहे. रूट्स प्रकार खालच्या वेगापासून दाब देतो, पण हवा तापवतो. स्वीडनच्या आल्फ लिसहोल्म यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेला दुहेरी स्क्रूचा प्रकार हवा आतल्या आत दाबत नेतो. त्यामुळे ताप कमी आणि दाब तसाच लगेच मिळतो. पण त्याचे रोटर फार काटेकोर घडवावे लागतात, म्हणून तो महाग पडतो. पंख्यासारख्या चक्राचा सेंट्रिफ्युगल प्रकार आटोपशीर आणि कार्यक्षम असतो. मात्र त्याचा दाब ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा हजार फेऱ्यांना पूर्ण दाब देणारे यंत्र दोन हजार फेऱ्यांना त्याचा जेमतेम नववा हिस्सा देते. अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यावर सिग्नलमागून सिग्नल सरकणाऱ्या गाडीत ते जवळजवळ झोपूनच राहील. चौथा प्रकार टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो, म्हणून पेट्रोलच्या हिशेबात सर्वांत सरस. त्याची वसुली म्हणजे पाय दाबल्यावर होणारा क्षणभराचा उशीर आणि तेलावर पडणारा उष्णतेचा भार.

घाटात, डोंगरात भात्याला खरा अर्थ येतो. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. माणसाचे शरीर तिथे काही आठवड्यांत लाल पेशी वाढवून घेते. इंजिनाला ती सोय नाही. मुंबई मात्र समुद्राकाठी आहे. इथे इंजिनाला हवा भरपूर मिळते, मोकळा रस्ता तेवढा मिळत नाही.

साध्या गाडीला वरून भाता जोडण्याआधी बेंटलींनी विचारलेला प्रश्न आजही लागू पडतो : पिस्टन, बेअरिंग, रेडिएटर आणि ब्रेक हा भार पेलतील का? कारखान्यातून टर्बो लावून येणाऱ्या इंजिनात हे सारे आधीच मजबूत केलेले असते, हवा थंड करायला इंटरकूलर असतो, नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. बाहेरून किट बसवताना हे सगळे नव्याने जुळवावे लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीपत्रातला तपशील मूळ कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. हा विषय अंधेरी किंवा बोरिवलीच्या आरटीओत नंतर निघण्यापेक्षा आधीच तपासलेला बरा.

बेंटली १३ ऑगस्ट १९७१ रोजी, ८२ व्या वर्षी वारले. त्यांना नको असलेली ब्लोअर त्यांच्या सगळ्या गाड्यांत जास्त गाजली. इयान फ्लेमिंग यांनी ती जेम्स बाँडला दिली आणि विक्रमवीर एकासनी ब्लोअर २०१२ मध्ये लिलावात सुमारे पन्नास लाख पौंडांना गेली. १९८२ मध्ये बेंटली नावाच्या गाडीला प्रथमच टर्बो लागला. २००३ मध्ये, तब्बल ७३ वर्षांनी, बेंटलीने ल माँ पुन्हा जिंकले, तेही दोन टर्बोंच्या इंजिनावर. मात्र ते इंजिन मुळातच टर्बोसाठी बेतलेले होते. नंतर पुढ्यात काही लटकवलेले नव्हते. आणि ते आधीच्या ३.६ लिटरवरून चार लिटरचे, म्हणजे थोडे मोठेही करून घेतले होते.